पॅरिसच्या राजबागेत आम्हाला दोन तास बसू द्या: सहल आयोजकांना खुले पत्र

युरोपच्या सहली आखणाऱ्या मराठी सहल कंपन्यांचे चालक आणि त्या सहली प्रत्यक्ष पार पाडणारे टूर मॅनेजर यांस,

सप्रेम नमस्कार.

उन्हाळ्याच्या सुट्ट्या जवळ आल्या की वर्तमानपत्रांतून आणि फोनवर तुमच्या जाहिराती सुरू होतात. त्यात पॅरिसच्या नावापुढे जी यादी असते ती थोड्याफार फरकाने सगळ्यांची एकच. आयफेल टॉवर, सीन नदीतली बोट, आर्क द त्रिऑंफ, शाँज-एलिझे, काँकॉर्ड चौक, लूव्र संग्रहालयाचा काचेचा पिरॅमिड बाहेरून, अत्तराचे संग्रहालय, आणि मुले बरोबर असतील तर डिस्नेलँड. आता पॅरिसचा नकाशा उघडा आणि या यादीतला पिरॅमिड आणि काँकॉर्ड चौक यांच्यामध्ये काय आहे ते बघा. हिरवा, लांबट, शहराच्या अगदी पोटातला चौकोन दिसेल. ती त्विलरी बाग. सुमारे पंचवीस हेक्टरांची, साडेचारशे वर्षांहून जुनी, फ्रान्सच्या राजेराण्यांची. तुमच्या यादीतली दोन ठिकाणे तिच्या दोन टोकांना आहेत, पण ती स्वतः यादीत नाही. नदीकाठच्या रस्त्याने बस जाताना माइकवरून "ही राजाची बाग बरं का" एवढे ऐकू येते, मोबाइल वर होतात, आणि तेवढ्यात पुढचा पूल येतो.

माझी मागणी साधी आहे. पॅरिसच्या कार्यक्रमात या बागेसाठी दोन तास ठेवा. फोटो स्टॉप नव्हे, आणि छत्री उंच धरून माणसे मागे पळवणेही नव्हे. बसायला दोन तास.

ती यादीत का नाही, याचा मी बराच विचार केला आणि उत्तर फार काही गूढ नाही. बागेला तिकीट नाही. जिथे तिकीट नाही ते 'सहलीत समाविष्ट' या रकान्यात लिहिता येत नाही, आणि जे त्या रकान्यात लिहिता येत नाही त्याचे पैसे वसूल झाले असे गिऱ्हाइकाला वाटत नाही. आम्हीही त्यात सामील आहोत. परत आल्यावर सोसायटीत कुणी "पॅरिसला काय पाहिलंत?" विचारले तर "बागेत बसलो होतो" सांगायला आम्हालाच संकोच वाटतो. लाखो रुपये मोजून बागेतच बसायचे तर मग सारसबाग काय वाईट होती, हा टोमणा येणार हे ठाऊक असते. त्यामुळे दोष एकट्या तुमचा नाही. पण आखणी तुमच्या हातात आहे, म्हणून पत्र तुम्हाला.

आधी सोयीचे बोलते, कारण इतिहास सांगायला लागले की तुम्ही "मॅडम, टायमिंग कसं बसवायचं?" म्हणणार.

बस तुम्ही लूव्रपाशी आणताच. माणसे उतरतात, पिरॅमिडच्या टोकाला चिमटीत पकडल्याचे फोटो काढतात, पुन्हा बसमध्ये चढतात. सगळ्यांची मोजदाद होईपर्यंत, कुणाची तरी जाऊबाई स्वच्छतागृहाच्या रांगेतून परत येईपर्यंत बराच वेळ जातो. मग बस सिग्नलमागून सिग्नल पार करत काँकॉर्ड चौकात येते आणि माणसे पुन्हा उतरतात. हे अंतर पायी एक किलोमीटरच्या थोडे वर आहे, सपाट आहे, आणि पिरॅमिडजवळचा एक रस्ता ओलांडला की वाटेत वाहन आडवे येत नाही, कारण पुढची वाट बागेतून जाते. माणसे लूव्रला सोडा, रिकामी बस काँकॉर्डच्या बाजूला पाठवा, आणि भेटायची वेळ व जागा सांगून मोकळे व्हा. ज्यांना पंचवीस मिनिटांत चालून दुकाने गाठायची असतील ते गाठतील. बाकीचे बसतील. शिवाय लूव्र मंगळवारी बंद असते, तुमच्या तारखा कधीतरी मंगळवारवर पडतातच. बागेला तशी सुट्टी नाही.

बसतील म्हणजे कुठे, तर खुर्च्यांवर. या बागेतल्या हिरव्या लोखंडी खुर्च्या हे माझ्या मते पॅरिसमधले सर्वांत सभ्य सरकारी काम आहे. बागेत जागोजाग त्या पडलेल्या असतात. काही सरळ पाठीच्या, काही मागे रेललेल्या, ज्यांत बसले की माणूस आपोआप आकाशाकडे बघतो. एकीलाही साखळी नाही. उचलायची, सावलीत न्यायची, कारंजापाशी न्यायची, चार गोळा करून गोल करायचा, कुणी हटकत नाही. एके काळी या खुर्च्यांचे भाडे पडे आणि ते गोळा करणाऱ्या बायका बागेत फिरत असत. आता तेही नाही. आपल्या सहलीतली साठी-सत्तरीची माणसे दिवसभरात सर्वांत जास्त कशासाठी तळमळत असतात ते तुम्हाला मी सांगायला नको. दगडी पायऱ्या, बसमधल्या अरुंद जागा, रांगेतले उभे राहणे. गुडघ्याला पट्टा बांधून आयफेल टॉवरची रांग काढलेल्या माणसाला पाठ टेकायला जागा, समोर पाण्याचे तळे आणि कुणी "चला, चला" म्हणत नाही असा तास मिळाला, तर तो तुमच्या कंपनीला जन्मभर दुवा देईल.

आता इतिहास. टूर मॅनेजरांनो, हा भाग तुमच्यासाठी. "राजाची बाग" या दोन शब्दांवर भागवू नका, कारण इथे सांगण्यासारखे जे आहे ते राजापेक्षा राजाच्या बागेत घुसलेल्या लोकांचे आहे.

सुरुवात एका विधवा राणीपासून. दुसरा हेन्री मेल्यानंतर त्याची राणी कॅथरीन द मेदिची हिने 1564 मध्ये लूव्रच्या किल्ल्याबाहेर नवा राजवाडा बांधायला घेतला. तिथे आधी कौले भाजायच्या भट्ट्या होत्या, त्यावरूनच नाव पडले. ती फ्लॉरेन्सची माहेरवाशीण, तिला इटालियन धाटणीची बाग हवी होती आणि तशी तिने ती करून घेतली. पुढे चौथ्या हेन्रीने रेशमाच्या हौसेपायी तिथे तुतीची झाडे लावली. तिथवर ती एका राजघराण्याची खासगी बाग होती, त्यात विशेष काही नाही.

आज आपण जी बाग पाहतो ती माळ्याच्या पोराने केली. आंद्रे ल नोत्र 1613 मध्ये जन्मला. आजोबा याच बागेत कॅथरीनच्या काळी कामाला, बाप याच बागेचा मुख्य माळी. 1664 मध्ये चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर याने बाग नव्याने आखायचे काम त्याला दिले तेव्हा तो पन्नाशी ओलांडलेला होता आणि व्हर्सायच्या बागेचे कामही त्याच्याच अंगावर होते. त्याने राजवाड्याच्या मधोमध एक रुंद रस्ता सरळ पश्चिमेला सोडला. राजवाड्याजवळ एक गोल तळे, दूरच्या टोकाला एक अष्टकोनी तळे. दूरचे तळे मुद्दाम मोठे, म्हणजे राजवाड्यातून पाहणाऱ्याला लांबी जाणवू नये, दोन्ही तळी जवळपास सारखी वाटावीत. हे तुमच्या मंडळींना तिथे उभे करून दाखवा, गोल तळ्यापाशी आधी, मग चालत अष्टकोनी तळ्यापाशी. ते जवळ गेल्यावर एकदम मोठे होते, आणि तीनशे साठ वर्षांपूर्वीच्या माळ्याने आपल्याला कसे गंडवले ते कळते. नदीच्या बाजूला आणि समोरच्या बाजूला त्याने लांबच लांब उंच धक्के बांधले, आणि पश्चिम टोकाला घोड्याच्या नालेसारखे दोन वळणदार चढ. त्या चढांवर जाऊन मागे पाहिले की सगळी बाग हातात येते.

आणि त्याने बागेच्या कुंपणापाशी थांबायला नकार दिला. तोच सरळ रस्ता त्याने बागेबाहेर, तेव्हाच्या शेतामळ्यांतून, दोन्ही बाजूंना झाडे लावत पुढे नेला. त्या झाडांच्या रस्त्यालाच आज शाँज-एलिझे म्हणतात. म्हणजे जगातला सर्वांत सुंदर रस्ता म्हणून तुम्ही ज्याची जाहिरात करता, जिथे आम्हाला महागड्या पिशव्यांच्या दुकानांसमोर सोडता, तो या बागेची शेपटी आहे. शेपटी दाखवता आणि जनावर दाखवत नाही, हा माझा मुख्य आक्षेप.

यापुढची हकिकत मला या बागेतली सर्वांत आवडती. नवी बाग तयार झाल्यावर कोल्बेरच्या मनात आले की एवढी सुंदर बाग आता लोकांना बंद करावी, राजघराण्यापुरती ठेवावी, नाहीतर लोक नासधूस करतील. त्याच्याबरोबर शार्ल पेरो होता. हा तोच पेरो, ज्याने म्हातारपणी परीकथा लिहिल्या आणि आज जग त्याला त्यासाठीच ओळखते, पण त्या वेळी तो राजाच्या बांधकाम खात्यात कोल्बेरच्या हाताखालचा अधिकारी होता. बागेत फिरता फिरता पेरोने साहेबाला सांगितले की इथे येणारी साधीसुधी माणसेसुद्धा एक फूल तोडत नाहीत, आजारातून उठलेले इथे हवा खायला येतात, लोक इथे व्यवहाराच्या आणि लग्नांच्या गोष्टी करतात, आणि राजांच्या बागा इतक्या मोठ्या असतात त्या त्यांच्या सगळ्या लेकरांना फिरता यावे म्हणूनच. मग माळ्याला विचारले, तर तोही म्हणाला की लोक येतात, बसतात, बघतात, बिघडवत काही नाहीत. कोल्बेरने विचार बदलला. हे पेरोनेच आठवणींत लिहून ठेवले आहे, तेव्हा स्वतःचे थोडे कौतुक त्यात असणार, तेवढे वजा करू. पण बाग उघडी राहिली हे खरे.

अर्थात 'उघडी' याचा त्या काळचा अर्थ आपण समजतो तसा नव्हता. फाटकावर पहारेकरी असत, भिकाऱ्यांना, शिपायांना, नोकराचाकरांना आत सोडत नसत. बरे कपडे अंगावर असले तर प्रवेश. सगळ्यांसाठी बाग उघडायची ती वर्षातून एकदा, संत लुईच्या सणाला. तुमच्या गटातल्या कुणी तरी "म्हणजे आपल्याकडच्या जिमखान्यांसारखंच" म्हणेल, आणि त्याचे बरोबर असेल.

या बागेत माणूस आकाशातही चढला. 1 डिसेंबर 1783 रोजी जाक शार्ल नावाचा पदार्थविज्ञानाचा जाणकार आणि त्याचा साथीदार निकोला-लुई रोबेर हे हायड्रोजन भरलेल्या फुग्याखाली टांगलेल्या होडीवजा टोपलीत बसून इथून उडाले. गरम हवेच्या फुग्यातून माणसे उडाल्याला तेव्हा दहाच दिवस झाले होते, हायड्रोजनच्या फुग्यातून मात्र हेच पहिले. बाग आणि आजूबाजूचे रस्ते माणसांनी फुलून गेले होते. बेंजामिन फ्रँकलिन तेव्हा अमेरिकेचा राजदूत म्हणून पॅरिसमध्ये होता, तोही पाहायला आला. दोन तासांनी फुगा छत्तीस-एक किलोमीटरांवर एका गावाच्या शेतात उतरला. रोबेर उतरला, वजन कमी झाले, आणि शार्ल एकटाच पुन्हा वर गेला, इतका वर की मावळलेला सूर्य त्याला पुन्हा दिसला आणि त्याने एका दिवसात दोन सूर्यास्त पाहिले. वर कान इतके ठणकले की पुन्हा म्हणून तो फुग्यात बसला नाही. 2024 च्या ऑलिंपिकची ज्योत पॅरिसने याच बागेत फुग्याखाली टांगून रोज संध्याकाळी आकाशात सोडली, ती त्याच उड्डाणाच्या आठवणीत. ज्योत म्हणजे खरा विस्तव नव्हता, दिवे आणि पाण्याचे तुषार होते. लोकांना ती इतकी आवडली की 2025 च्या उन्हाळ्यात ती परत आणली गेली. टीव्हीवर आपण सगळ्यांनी ती पाहिली आहे. आपल्या मंडळींना फक्त सांगायचे की तो फुगा इथून उडायचा. डोळे चमकतात की नाही बघा.

मग क्रांती. ऑक्टोबर 1789 मध्ये पॅरिसच्या लोकांनी सोळाव्या लुईला आणि त्याच्या कुटुंबाला व्हर्सायहून या त्विलरी राजवाड्यात आणले. राजा नावाला, प्रत्यक्षात कैदी. जून 1791 मध्ये रात्री वेशांतर करून ते इथूनच पळाले आणि व्हारेन गावात पकडले गेले. 10 ऑगस्ट 1792 च्या सकाळी लोकांनी राजवाड्यावर हल्ला केला तेव्हा राजा, राणी आणि मुले राजवाडा सोडून बागेतून चालत शेजारच्या विधानसभेत आसऱ्याला गेली. विधानसभा भरत होती ती बागेला लागून असलेल्या घोडेस्वारीच्या जुन्या शाळेत. त्या छोट्याशा चालण्याची हकिकत सोबतच्या अधिकाऱ्याने लिहून ठेवली आहे. माळ्यांनी वाळक्या पानांचे ढीग लावले होते, छोटा राजपुत्र ती पाने पायाने उडवत चालला होता, आणि राजा एवढेच म्हणाला की यंदा पानगळ लवकर सुरू झाली. मागे राजवाड्यात त्याचे शेकडो स्विस पहारेकरी मारले गेले, काही याच बागेत पळता पळता. दीड महिन्याच्या आत त्याच घोड्यांच्या शाळेत राजेशाही रद्द झाली, तिथेच राजावर खटला चालला, आणि 21 जानेवारी 1793 रोजी बागेच्या फाटकाबाहेरच्या चौकात त्याचे डोके उडवले. तो चौक म्हणजे तुमचा काँकॉर्डचा फोटो स्टॉप. घोड्यांची शाळा आता नाही, बागेच्या कडेचा रिव्होली रस्ता काढताना ती गेली. कुंपणाच्या खांबावर एक पाटी तेवढी आहे. शेजारून माणसे आइस्क्रीम खात जातात.

राजवाडा कुठे आहे असे कुणी विचारले तर इथे थोडे थांबा, कारण पुण्यामुंबईच्या माणसाला हे लगेच कळेल. शनिवारवाडा 1828 च्या आगीत जळाला आणि दिल्ली दरवाजा, तट, बुरूज उरले, आत हिरवळ आली. त्विलरीचे तसेच झाले. मे 1871 मध्ये पॅरिस कम्यूनच्या, म्हणजे शहरातल्या बंडखोरांच्या राजवटीच्या, शेवटच्या आठवड्यात, सरकारी फौजा शहरात घुसत असताना, कम्यूनवाल्यांनी राजवाड्याला आग लावली. काळवंडलेल्या भिंती बारा वर्षे तशाच उभ्या होत्या. ठेवायच्या की पाडायच्या यावर वाद घालून 1883 मध्ये त्या पाडल्या. दगड विकले गेले, आणि त्यातले पुष्कळसे कोर्सिका बेटावर पोझ्झो दी बोर्गो घराण्याने आपला वाडा बांधायला नेले. हे घराणे म्हणजे नेपोलियनचे जुने वैरी. ज्या राजवाड्यात नेपोलियन सम्राट म्हणून राहिला त्याचे दगड त्याच्याच जन्मगावाजवळच्या डोंगरावर शत्रूच्या घराला लागले. असले सूड कुणी ठरवून घेऊ शकत नाही.

पिरॅमिडजवळ जी गुलाबी खांबांची छोटी कमान आहे, जिला आपल्यातले निम्मे लोक मोठी कमान, म्हणजे आर्क द त्रिऑंफ, समजून फोटो काढतात, ती त्या राजवाड्याचे प्रवेशद्वार होती. नेपोलियनने 1806 ते 1808 मध्ये बांधली. दरवाजा उरला, वाडा गेला. आणि वाडा गेला म्हणूनच आज त्या कमानीखाली उभे राहिले की बाग, काँकॉर्डचा इजिप्शियन स्तंभ, शाँज-एलिझे आणि टोकाला मोठी कमान, असे सगळे एका रेषेत दिसते. लूव्रच्या अंगणातून ही नजर आधी कुणालाच नव्हती, मध्ये राजवाड्याची भिंत होती. राजांना जे दिसत होते ते आता जपानी, ब्राझिली आणि नाशिककर, सगळ्यांना दिसते, तेही फुकट. फोटो काढायचाच तर इथे काढा, चिमटीत पिरॅमिड पकडण्यापेक्षा बरा येईल.

बागेच्या काँकॉर्डकडच्या टोकाला दोन जुळ्या इमारती आहेत. एकीबद्दल थोडक्यात. 'ज द पोम' या इमारतीत दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी लुटलेली चित्रे आणून ठेवली जात. तिथे काम करणारी रोझ व्हालाँ ही फ्रेंच बाई आपल्याला जर्मन येतच नाही असे दाखवून कुठले चित्र कुठे रवाना झाले याची गुपचूप नोंद ठेवत राहिली, आणि युद्धानंतर त्या नोंदींवरून हजारो कलाकृती परत मिळाल्या. इमारत आजही साधी दिसते, ती बाईही दिसायला तशीच साधी होती.

दुसरी, ओरांजरी. 1852 मध्ये राजबागेतली संत्र्याची झाडे थंडीत आत ठेवायला बांधलेली. आज तिथे क्लोद मोनेची कमळांची चित्रे आहेत. त्याने ती पहिले महायुद्ध संपल्यावर देशाला भेट म्हणून द्यायचे ठरवले, आणि ती 1927 मध्ये, तो गेल्यावर काही महिन्यांनी लोकांसाठी खुली झाली. दोन अंडाकृती खोल्या, दोन मीटर उंचीची आठ चित्रे, सगळी मिळून जवळपास शंभर मीटर लांबीची, भिंतीसारखीच वळत गेलेली. वर छतातून खरा उजेड येतो, ढग आला की चित्रे बदलतात. मधोमध बाक आहे. आता हेही ऐका: ही चित्रे काढताना मोनेला मोतीबिंदू होता. रंग त्याला पिवळट, मातकट दिसत, नळ्यांवरची नावे वाचून तो रंग उचले. 1923 मध्ये शस्त्रक्रिया झाली तरी तो चष्म्यांवरून कुरकुरतच राहिला. आपल्या बसमध्ये मोतीबिंदू झालेली माणसे किती असतात! कला वगैरे आपल्याला कळत नाही म्हणणाऱ्या एखाद्या आजोबांना हे सांगून त्या बाकावर बसवा. लूव्रमध्ये मोनालिसापुढच्या गर्दीत लोकांच्या डोक्यांचे फोटो काढून येण्यापेक्षा गुडघे दुखणाऱ्यांसाठी हे कितीतरी बरे. तिकीट लागते आणि वेळ आधी ठरवावी लागते, ते तुम्हाला जमण्यासारखे आहे. हेही मंगळवारी बंद, एवढे लक्षात ठेवा.

बाग सर्वगुणसंपन्न आहे असे मी म्हणत नाही. मधला रस्ता पांढुरक्या खडी-मातीचा आहे, भर दुपारी डोळ्यांवर येतो आणि काळ्या बुटांची दैना करतो. तेव्हा दुपारी मधल्या रस्त्याने न जाता दोन्ही बाजूंच्या चेस्टनट आणि लिंडेनच्या रांगांखालून जावे. एप्रिलअखेरीला गेलात तर चेस्टनटला फुलांचे तुरे असतात. जुलै-ऑगस्टमध्ये रिव्होलीच्या बाजूला पाळणे आणि जत्रा असते, लहान मुले बरोबर असतील तर चांगलेच, नसतील तर नदीकडची बाजू धरावी. हातात कागद घेऊन "सही करा" म्हणत येणाऱ्या पोरींपासून सावध करा, सही करेपर्यंत दुसरी पर्स उघडते. स्वच्छतागृह कुठे आहे ते आधीच सांगून ठेवा. आपल्याकडच्या बायका अनोळखी जागी विचारायच्या लाजेने पाणीच पीत नाहीत आणि मग संध्याकाळी डोके धरून बसतात, हे तुमच्या पुरुष टूर मॅनेजरांना कधी कळणार कोण जाणे.

आणि आमच्याकडून काय अपेक्षा ठेवायची तेही सांगा, आम्ही ऐकू. ज्या हिरवळीवर बसायला मनाई आहे तिथे सतरंजी पसरू नये. चिवड्याची पिशवी काढली तर रिकामी पिशवी आपल्याच पर्समध्ये परत जावी. तळ्याभोवती मुले भाड्याच्या शिडाच्या होड्या काठीने ढकलत असतात, त्यांच्या मध्ये उभे राहून व्हिडिओ कॉल करू नये, आणि केलाच तर सोलापूरपर्यंत आवाज फोनशिवाय पोचेल इतक्या जोरात बोलू नये. पेरोने ज्यांची हमी घेतली होती ती माणसे फुले तोडत नव्हती. आपली हमी तुम्ही घेऊ शकाल इतके आम्ही नक्की शिकलेले आहोत.

मला ठाऊक आहे की तुमच्या हिशेबात दोन तास म्हणजे पुष्कळ. ते कुठून काढायचे याबद्दल माझे मत विचाराल तर अत्तराच्या संग्रहालयातून. तिथे संग्रहालय दहा मिनिटांचे असते आणि दुकान पाऊण तासाचे. ज्यांना अत्तर घ्यायचे आहे ते विमानतळावरही घेतील. उरलेला वेळ शाँज-एलिझेवरच्या 'मोकळ्या वेळा'तून घ्या. त्या मोकळ्या वेळात आमच्यातले निम्मे फूटपाथवर उभे राहून बसची वाट बघत असतात.

पुढच्या मोसमात निदान एका सहलीत हे करून पाहा. संध्याकाळी चारनंतर ठेवा, ऊन कलते आणि मे-जूनमध्ये उजेड नऊच्या पुढेही असतो. त्या दिवशी रात्रीच्या इंडियन रेस्टॉरंटची वेळ तासभर पुढे ढकला, वरण-भात थोडा उशिरा मिळाला म्हणून कुणी रागावणार नाही. सहलीच्या शेवटी जो अभिप्रायाचा फॉर्म भरून घेता त्यात बागेसाठी एक ओळ वाढवा, आणि लोक काय लिहितात ते पाहून पुढचे ठरवा.

कळावे, लोभ असावा.

तुमच्याच बसमधल्या मागच्या सीटवरची
एक सहप्रवासी